मुआरचा रस्ता : ऑस्ट्रेलियाची २/१९ बटालियन आणि नगरची ब्रिगेड

बार्शी लाईट

ऑस्ट्रेलियाचं पायदळ म्हटलं की आपल्याकडच्या युद्धवेड्यांना गॅलिपोली आठवतं, टोब्रुक आठवतं, फार तर न्यू गिनीतला कोकोडा. जानेवारी १९४२ मध्ये मलायात २/१९ बटालियनचं काय झालं हे फारसं कुणाच्या गावी नसतं. ज्यांनी वाचलेलं असतं त्यांनीही बहुधा एकाच साच्यातलं वाचलेलं असतं : ऑस्ट्रेलियन शूर, जपानी क्रूर आणि भारतीय पळपुटे. पहिल्या दोन गोष्टींवर माझं काही म्हणणं नाही. तिसरीवर आहे. ज्या ४५ व्या ब्रिगेडला हे बिरूद चिकटलं ती आपल्या नगरला उभ्या राहिलेल्या डिव्हिजनमधली होती. (तीनेक बटालियन म्हणजे पलटणी मिळून ब्रिगेड, तीनेक ब्रिगेडी मिळून डिव्हिजन.)

आधी पलटणीची ओळख. २/१९ मधला '२' म्हणजे दुसऱ्या महायुद्धासाठी नव्याने उभारलेलं दल. पहिल्या महायुद्धातल्या १९ व्या बटालियनशी घोटाळा नको म्हणून तो आकडा. (भारतीय पलटणींचं गणित वेगळं. ५/१८ गढवाल म्हणजे १८ व्या रेजिमेंटची पाचवी बटालियन.) जुलै १९४० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये भरती झाली, त्यात रिव्हरिनाच्या बाजूची शेतकरी, मेंढरं राखणारी माणसं भरपूर. फेब्रुवारी १९४१ मध्ये 'क्वीन मेरी' बोटीने ही मंडळी सिंगापूरला उतरली. म्हणजे पहिली गोळी झाडायच्या आधी त्यांना मलायात जवळजवळ वर्ष मिळालं. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल चार्ल्स अँडरसन. जन्म केपटाउनचा, वाढले केनियात, पहिल्या महायुद्धात किंग्ज आफ्रिकन रायफल्समधून पूर्व आफ्रिकेच्या झाडीत लढले, मिलिटरी क्रॉस मिळवला, १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियात येऊन शेतीला लागले. चष्मेवाला, मृदू बोलणारा माणूस. पण झाडीत दहा पावलांवरचं दिसत नाही तेव्हा छोट्या तुकडीने काय करायचं हे त्यांना मलायातल्या बहुतेक अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं, आणि ते त्यांनी पलटणीकडून घोटून घेतलं होतं.

आता रणभूमी. जपानी फौज वरून खाली सिंगापूरकडे येत होती. मुख्य रस्त्यावर सेगामतच्या बाजूला दोस्तांचा मोठा जमाव. पश्चिम किनाऱ्यावर मुआर नदी, तिच्या मुखाशी मुआर गाव. तिथून एक रस्ता बक्री, परित सुलोंग करत योंग पेंगला मुख्य रस्त्याला मिळतो. म्हणजे मुआर फुटलं आणि जपानी योंग पेंगला पोचले, की सेगामतची सगळी फौज पिशवीत. हा दरवाजा सांभाळायला ठेवली होती ४५ वी भारतीय ब्रिगेड : ७/६ राजपुताना रायफल्स, ४/९ जाट, ५/१८ रॉयल गढवाल रायफल्स. दिमतीला एक ऑस्ट्रेलियन बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी. राखायचा नदीकाठ सुमारे ४० किलोमीटर. शिवाय काही कंपन्या नदीच्या पलीकडच्या काठावर ठेवायचा हुकूम.

१५ जानेवारीला समोर आलं जपानचं इम्पीरियल गार्ड्स डिव्हिजन, सेनापती ताकुमा निशिमुरा. पलीकडच्या राजपुतांच्या दोन कंपन्या गिळल्या गेल्या. रात्रीत जपानी होड्यांतून वरच्या अंगाला नदी उतरले आणि १६ ला मुआर पडलं. मग २/२९ ऑस्ट्रेलियन बटालियन बक्रीला धाडली, आणि १८ ला पूर्व किनाऱ्याकडून उचलून अँडरसनची २/१९.

१९ तारखेला ब्रिगेडच्या मुख्यालयावर बॉम्ब पडला. बहुतेक स्टाफ जागीच गेला, ब्रिगेडियर डंकन सुन्न होऊन पडले. कारभार अँडरसनकडे आला. त्याच दिवशी त्यांनी एक निर्णय घेतला, आणि ह्या सगळ्या प्रकरणातलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं पान तेच आहे. जाट पलटण अजून उत्तरेच्या रस्त्यावर होती. मागचा रस्ता तुटत चालला होता हे दिसत होतं. अँडरसन थांबले. जाट येईपर्यंत बक्रीची जागा सोडायची नाही. जाट आले, पण वाटेत छापा पडून निम्मेशिम्मे, त्यांचे कर्नल विल्यम्स मारले गेलेले.

२० ला पहाटे सगळा तांडा निघाला. मध्ये जखमींनी भरलेले ट्रक, पुढे-मागे पायदळ. रस्ता बांधासारखा, दोन्हीकडे दलदल नाहीतर रबराचे मळे. जपान्यांनी झाडं आडवी टाकून एकामागोमाग एक नाकी बसवलेली. एका नाक्यावर हल्ला अडला तेव्हा स्वतः अँडरसन हातबॉम्ब घेऊन पुढे गेले आणि मशीनगनच्या दोन चौक्या त्यांनी उडवल्या. पिछाडीला डंकन, धक्क्यातून जेमतेम सावरलेले, संगीन हल्ल्याच्या पुढे होते. तिथेच ते मारले गेले.

२१ ला सकाळी परित सुलोंग. पूल जपान्यांच्या ताब्यात! खरं तर त्या पुलावर ब्रिटिश नॉरफोक पलटणीची एक तुकडी होती, पण मागचा संपर्क तुटल्यावर आपण एकटे पडलो असं समजून ती आदल्या दिवशी निघून गेली. कुणीतरी आपल्याकडे येतंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवसभर पुलासाठी झटापट चालली. ट्रकमधल्या जखमींना पुन्हा गोळ्या लागत होत्या. संध्याकाळी अँडरसननी अगदी शेवटचे जखमी दोन गाड्यांत घालून पुलावर पाठवले : एवढ्यांना तरी पलीकडे जाऊ द्या. उत्तर आलं, आधी सगळे शरण या. अँडरसन नाही म्हणाले. मग जपान्यांनी त्या गाड्या पुलाच्या चढावर तशाच उभ्या ठेवायला लावल्या, हलल्या तर गोळ्या घालू म्हणून. म्हणजे जखमींचाच अडसर. अंधार पडल्यावर एक लेफ्टनंट, स्वतः जखमी, आणि एक ड्रायव्हर यांनी हळूच ब्रेक सोडले. गाड्या इंजिन बंद ठेवून उतारावरून मागे घरंगळत आपल्या माणसांत आल्या.

रात्री वायरलेसवर विमानांची मदत मागितली होती. जपान्यांना कळू नये म्हणून मुख्यालयाने ऑस्ट्रेलियन गावठी बोलीत निरोप दिला : चिमणी पादायच्या वेळेला वर बघा. म्हणजे झुंजुमुंजू झाल्यावर. २२ ला सकाळी खरंच विमानं आली, खाणं आणि मॉर्फिन टाकून गेली. पण पूल काही सुटेना. नऊच्या सुमारास अँडरसननी तोफा आणि गाड्या निकामी करायला सांगितलं. चालता येईल त्यांनी दलदलीतून, छोट्या टोळ्या करून योंग पेंग गाठायचं. चालता न येणारे मागे.

सुमारे ५०० ऑस्ट्रेलियन आणि ४०० भारतीय योंग पेंगला पोचले. २/१९ चे सुमारे २७०, २/२९ चे सुमारे १३०. बाकीचे ऑस्ट्रेलियन तोफखान्याचे वगैरे. मागे राहिलेल्या दीडेकशे जखमींना जपान्यांनी त्याच दुपारी मारलं. त्यांत सुमारे ११० ऑस्ट्रेलियन आणि ४० भारतीय होते. हे ४० कुठल्याही साच्यात बसत नाहीत म्हणून बहुतेक कथनांत एका ओळीत उरकतात.

सेगामतची फौज मात्र त्या दिवसांत सुखरूप मागे निघाली. अँडरसनना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला १३ फेब्रुवारीला. सिंगापूर पडलं १५ ला.

---

मेतकूट भात

वाचनखूण साठवली आहे. ब्रेक सोडून गाड्या मागे घरंगळवण्याचा प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाहीये. जखमींच्या हत्येबद्दल थोडं सविस्तर लिहाल का? कुणी वाचलं का त्यातून?

---

झेंडीगेट

नगरकर म्हणून हजेरी लावणं भाग आहे!

१७ वं भारतीय डिव्हिजन जुलै १९४१ मध्ये नगरला उभं राहिलं. तीन ब्रिगेड : ४४, ४५, ४६. तयारी कशाची? इराकच्या वाळवंटाची. मोकळं मैदान, लांबचा मारा, मोटारींचा ताफा. नगर-दौंडच्या माळावर त्याला जागा काही कमी नव्हती. डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि हुकूम फिरला. तिन्ही ब्रिगेडींची वाटणी बघा :

४५ वी जानेवारीच्या सुरुवातीला सिंगापूरला उतरली आणि दोन आठवड्यांत मुआरवर. ४४ वी जानेवारीच्या शेवटी सिंगापूर बेटावर आली, फेब्रुवारीत तिथेच युद्धकैदी. ४६ वी गेली ब्रह्मदेशात, आणि २३ फेब्रुवारीला सितांगचा पूल आपल्याच लोकांनी उडवला तेव्हा नदीच्या चुकीच्या बाजूला राहिली. म्हणजे नगरहून निघालेल्या तिन्ही ब्रिगेडींचा दोन महिन्यांत निकाल लागला. डिव्हिजन मात्र टिकलं, नव्या ब्रिगेडी घेऊन. तेच पुढे काळ्या मांजराचं चिन्ह लावून इम्फाळला आणि मैक्तिलाला जपान्यांना पुरून उरलं.

अवांतर : नगरच्या रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातला जपानी रणगाडाही उभा आहे. पोरं त्यावर चढून फोटो काढतात. आत बसणाऱ्या माणसाची उंची काय असेल असं दर वेळी मनात येतं, इतकं ते खोकं लहान.

---

पेठेतला पोपट

लेख रंगलाय, पण तुमचा मूळ मुद्दा मला पटत नाही.

नवखे होते म्हणून किती सूट द्यायची? ऑस्ट्रेलियनसुद्धा नवखेच होते की. २/१९, २/२९, मुख्य रस्त्यावर गेमासजवळ छापा घालणारी २/३०, सगळ्यांची ती पहिलीच लढाई. तरी ते उभे राहिले. जाट, राजपूत, गढवाली ह्या तर सगळ्या नावाजलेल्या रेजिमेंटा, गढवालींनी तर पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. मग इथेच काय झालं? आपले लोक हरले की "परिस्थिती", दुसरे जिंकले की "नशीब", हा आपला जुना आजार आहे. ऑस्ट्रेलियनांच्या धाग्यावर भारतीयांचं तुणतुणं कशाला?

---

बार्शी लाईट

@पेठेतला पोपट, तुणतुणं नाही, हिशेब मांडतो.

रेजिमेंटचं नाव जुनं असतं, पलटण जुनी असते असं नाही. १९३९ नंतर भारतीय सैन्य भसाभस वाढलं. दर नव्या बटालियनला जुन्या बटालियनमधून थोडे हवालदार, नाईक, सुभेदार द्यायचे, की ती वर्षभराने आणखी नव्या बटालियनला द्यायची. विरजण तेवढंच आणि दुधाचे हंडे वाढत चाललेले. ५/१८ किंवा ७/६ म्हणजे पाचवी नि सातवी बटालियन. तिथवर पोचेपर्यंत विरजण बोटभर उरलेलं. शिपायांत सतरा-अठराची पोरं भरपूर, नोकरी जेमतेम वर्षाची. गोरे अधिकारी नवे, त्यातल्या कित्येकांना आपल्या माणसांची भाषा धड येत नव्हती. मलायाचे सेनापती पर्सिव्हल यांनीच युद्धानंतर लिहून ठेवलंय, की ही ब्रिगेड रणांगणावर धाडण्याजोगी कधी झालीच नव्हती. माणसं वाईट नव्हती, कच्ची होती.

आता ऑस्ट्रेलियनांचं वर्ष आठवा. ते वर्षभर त्याच झाडीत, त्याच पावसात राहिले. नगरच्या पोरांना दोन आठवडे.

आणि लढलेच नाहीत असंही नाही. ब्रिगेडियर मेले, तिन्ही भारतीय पलटणींचे कमांडर मेले, दुय्यम अधिकारी आणि ॲडज्युटंटही बहुतेक मेले. पळणाऱ्या पलटणीचे अधिकारी असे ओळीने मरत नाहीत. अधिकारी गेल्यावर मात्र सतरा वर्षांच्या पोराला भाषा कळणारं कुणी उरलं नाही. तिथून पुढे गोंधळ झाला, हे मी नाकारत नाही. ऑस्ट्रेलियन अहवालांत त्याबद्दल जे कडवट लिहिलंय तेही डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

खरी कसोटी पुढे आहे. मुआरनंतर २/१९ ची भरपाई केली ती कशाने? जानेवारीच्या अखेरीला सिंगापूरला १,९०० ऑस्ट्रेलियन बदली शिपाई उतरले. त्यातले काही भरती झाल्यावर पंधरवड्यात बोटीवर चढलेले. बंदूक धड चालवली नव्हती. अशांनी भरलेल्या पलटणी ८ फेब्रुवारीच्या रात्री सिंगापूरच्या वायव्य किनाऱ्यावर खारफुटीत मैलोगणती पसरून उभ्या केल्या. जपानी उतरले, तुकड्यांच्या मधून आत शिरले, आणि सकाळपर्यंत २२ व्या ऑस्ट्रेलियन ब्रिगेडच्या पलटणी विस्कटल्या. २/१९ सुद्धा. माणसं मागे, शहराकडे निघाली. तीच पलटण, तेच नाव, तीन आठवड्यांचं अंतर.

नदीऐवजी खाडी, बाकी सगळं मुआरसारखंच : लांबच लांब काठ, कच्ची माणसं, रात्र. मुआरला जे भारतीयांचं झालं तेच इथे ऑस्ट्रेलियनांचं झालं. त्याला कुणी वंशाचा गुण म्हणत नाही, बरोबरच करतात. मग मुआरला का म्हणायचं?

---

लोखंडी चणे

बक्रीच्या रणगाड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही? मग मीच.

१८ जानेवारीची सकाळ. २/२९ च्या मोर्चासमोर जपानी हलके रणगाडे रस्त्याने रांगेत आले, सोबत पायदळ नाही. आत्तापर्यंत मलायात त्यांना क्वचितच कुणी अडवलं होतं म्हणून ही ऐट. ऑस्ट्रेलियनांकडे २/४ अँटी-टँक रेजिमेंटच्या दोन पौंडी तोफा. गंमत म्हणजे २/२९ चे कर्नल रॉबर्टसन यांना त्या तोफा नकोच होत्या. वरून पाठवल्या म्हणून ठेवून घेतल्या.

पहिले गोळे चिलखतफोडे. रणगाड्याचा पत्रा इतका पातळ, की गोळा एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूने बाहेर! रणगाडा आपला चालूच. मग तोफचींनी स्फोटक गोळे लावले आणि रणगाडे एकेक करून पेटले. आठ गेले (काही जण नऊ मोजतात). रस्त्यात जळत असलेल्या त्या रांगेचा फोटो फार प्रसिद्ध आहे. त्याच दिवशी पुढे रॉबर्टसन मारले गेले. म्हणजे मुआरच्या रस्त्यावरच्या पाच बटालियनच्या कमांडरांत अँडरसन तेवढे जिवंत सुटले.

झेंडीगेट, संग्रहालयातला रणगाडा बघताना पत्र्याची जाडी बघा पुढच्या वेळी.

---

दख्खनची राणी

छान चर्चा. एक बाळबोध प्रश्न : ह्यात मराठा पलटण होती का? आमच्या गावात "सिंगापूरला कैदी होते" असं सांगितले जाणारे एक आजोबा होते, म्हणून विचारते.

---

झेंडीगेट

मुआरच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण नव्हती. त्यांची मोठी कामगिरी एरिट्रियात केरनला आणि पुढे इटलीत. तिथले दोन व्हिक्टोरिया क्रॉस माहीत असतीलच : यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. नामदेवराव आमच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे.

पण आजोबांची गोष्ट खोटी ठरत नाही. सिंगापुरात पायदळाखेरीज सॅपर्स (लष्करी बांधकामवाले), ड्रायव्हर, दवाखान्याच्या तुकड्या, खानसामे, धोबी सगळे पकडले गेले. शरणागतीनंतर भारतीय कैदीच चाळीस हजारांच्या वर होते. गावातल्या पोस्टाच्या किंवा पेन्शनच्या कागदावर युनिटचं नाव सापडलं तर इथे टाका.

---

जुरॉंगची जाई

मी सिंगापुरात राहते. मेतकूट भात, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते.

वाचलेले बोटांवर मोजण्याइतके. सगळ्यात महत्त्वाचे लेफ्टनंट बेन हॅकनी, २/२९ चे. पायाला जखमा. त्यांच्या जबानीप्रमाणे जखमींना एका इमारतीत दाटीवाटीने कोंबलं, पाणी दिलं नाही. मग वरिष्ठ अधिकारी आले, फोटोवाले आले. फोटोपुरते पाण्याचे पेले आणि सिगारेटी पुढे धरल्या आणि फोटो झाल्यावर मागे घेतल्या. दुपारनंतर दोऱ्यांनी, तारांनी बांधून बाहेर नेलं आणि गोळ्या घातल्या, वर पेट्रोल टाकून पेटवलं. हॅकनी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, लाथा आणि संगिनी खाऊनही हलले नाहीत. रात्री सरपटत निघाले. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत रानात काढले, मग पकडले गेले. तरी कैदेतून जिवंत परतले आणि त्यांच्या साक्षीमुळे हे उजेडात आलं.

परित सुलोंगला जाऊन आलेय. जोहोरहून गाडीने सहज होतं. १९४२ चा पूल आता नाही, नवा आहे, शेजारी स्मारक आहे. रबराचे मळे जाऊन बराचसा पाम आलाय, पण रस्त्याकडेचे पाण्याचे चर आणि चिखल बघितला की दलदलीतून चालत जाणं म्हणजे काय ते कळतं. ऐन दुपारी गाडीतून उतरलं तर चष्म्यावर वाफ धरते.

इथल्या क्रांजी स्मारकावर, ज्यांना थडगं नाही अशा २४,००० हून जास्त लोकांची नावं खांबांवर कोरली आहेत. रेजिमेंटवार. ऑस्ट्रेलियन खांबांपाशी कायम कुणीतरी असतं, २५ एप्रिलला, त्यांच्या अँझॅक स्मृतिदिनी, तर पहाटेपासून रांग. जाट, गढवाल, राजपुताना रायफल्सच्या खांबांपाशी मी कधी फूल पाहिलं नाही. नावं वाचत गेलं तर "राम", "सिंग", "खान", बस्स. बऱ्याच जणांना आडनावच नाही, त्यामुळे शोधायचं तरी कुणी आणि कसं.

---

तिसरी घंटा

निशिमुराच्या खटल्याबद्दल दोन ओळी. सिंगापूरमधल्या चिनी नागरिकांच्या कत्तलीसाठी ब्रिटिशांनी १९४७ मध्ये त्याला जन्मठेप दिली होती. नंतर ऑस्ट्रेलियाने ताब्यात घेतलं, न्यू गिनीजवळच्या मानुस बेटावर परित सुलोंगसाठी वेगळा खटला चालवला आणि ११ जून १९५१ ला फाशी दिलं. कत्तलीचा हुकूम त्याने स्वतः दिला होता का, ह्यावर पुढे लेखकांनी शंका घेतल्या आहेत. वकिली डोक्याने बघितलं तर पुरावा बराचसा इतर जपान्यांच्या जबान्यांवर उभा होता. पण डिव्हिजनचा सेनापती त्या दिवशी त्या जागी येऊन गेला आणि त्यानंतर काही तासांत कैदी मारले गेले, एवढं पाहता "माहीत नव्हतं" हा बचाव मला तरी लंगडा वाटतो.

मारल्या गेलेल्या चाळीसेक भारतीयांचं काय? ते ब्रिटिश सत्तेचे सैनिक, कोर्ट ऑस्ट्रेलियन, आणि १९५१ मध्ये भारत वेगळा देश. त्यांच्या बाजूने बोलायला तिथे कोण उभं राहणार होतं?

---

पेठेतला पोपट

सिंगापूरच्या रात्रीचा मुद्दा मान्य. तुलना तशी केली की बोलायला फार उरत नाही. पण मग खापर फोडायचं कुणावर? पलीकडच्या काठावर कंपन्या ठेवायचा हुकूम कुणाचा होता?

---

बार्शी लाईट

गॉर्डन बेनेटचा. ८ व्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनचा सेनापती आणि त्या आघाडीचा प्रमुख. पलीकडे कंपन्या ठेवल्या तर चढाईची वृत्ती राहते, असा त्याचा हिशेब. पुस्तकी दृष्टीने वाईट नाही, पण नदी ओलांडून परत यायला ना पूल ना पुरेशा होड्या, आणि माणसं अशी. कागदावर त्याचं सगळं लक्ष गेमासच्या छाप्यावर होतं, आणि किनाऱ्यावर गार्ड्स डिव्हिजनचा मुख्य घाव येईल हे त्याने धरलंच नव्हतं. हरल्यावर भारतीय पलटणींना नावं ठेवण्यात हाच माणूस पुढे. आणि १५ फेब्रुवारीच्या रात्री स्वतःची डिव्हिजन कैदेत सोडून होडीने सटकला तोही हाच. १९४५ मध्ये न्यायमूर्ती लिगरटवुड यांच्या चौकशी आयोगाने ते जाणं समर्थनीय नव्हतं असा निकाल दिला.

अँडरसन मात्र आपल्या माणसांबरोबर कैदेत गेले. मे १९४२ मध्ये सिंगापूरच्या चांगी छावणीतून ब्रह्मदेशात पाठवलेल्या तुकडीत होते, तिथे थायलंड रेल्वेच्या कामावरच्या कैद्यांच्या एका गटाचे प्रमुख. २/१९ ची कित्येक माणसं मुआरहून सुटली आणि त्या रेल्वेवर कॉलऱ्याने, जखमा चिघळून गेली. युद्धानंतर अँडरसन पुन्हा शेतावर, आणि ह्यूम मतदारसंघातून दोनदा संसदेत. १९८८ मध्ये वारले.

---

मेतकूट भात

आणि योंग पेंगला पोचलेले ते ४०० भारतीय? त्यांचं पुढे काय झालं?

---

झेंडीगेट

४५ वी ब्रिगेड तिथेच मोडीत निघाली. उरलेली माणसं इतर पलटणींत वाटली आणि फेब्रुवारीत सगळ्यांबरोबर कैद झाली. १७ फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर भारतीय कैद्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांपासून वेगळं करून जपान्यांच्या हवाली केलं, तिथे मोहन सिंगांनी आझाद हिंद सेनेची हाक दिली. गढवाली पलटणींतले पुष्कळ जण गेले. त्यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर मूळ विषय बाजूला राहून नुसतं भांडण होईल.

जे गेले नाहीत त्यांच्यातल्या हजारोंना जपान्यांनी १९४३ मध्ये मजुरीसाठी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला नेलं. न्यू गिनीतल्या वेवाककडे नेलेल्यांतले फार थोडे जगले. १९४५ मध्ये त्यांना सोडवलं ते ऑस्ट्रेलियन सैन्याने. जमादार चिंत सिंग त्यांच्यातले. ते पुढे जपान्यांविरुद्धच्या खटल्यांत साक्ष द्यायला मागे थांबले, आणि त्यांच्याबरोबर सुटलेले साथीदार परतीच्या वाटेवर विमान पडून गेले. मुआरच्या तीन पलटणींतली कुणी त्या गटात होती का, ते यादी हाताशी असलेल्या कुणीतरी इथे लिहावं.

---

जुरॉंगची जाई

क्रांजीच्या नोंदवह्यांत जाट रेजिमेंटची पानं पुढच्या वेळी गेले की चाळते. तारखा लावून बघता येतील : १५ ते २२ जानेवारीचे वेगळे आणि १९४३ नंतरचे वेगळे.